डॅशबोर्डवरचा नारळ

मी मोडलेल्या गाड्या बघतो. विम्याच्या कामासाठी. खारेपाटणपासून खाली बांद्यापर्यंत कुठेही गाडी ठोकली की मला फोन येतो आणि मी जाऊन उभा राहतो. वाकून बघतो, रस्त्यावर आडवा होऊन खालून बघतो, कुठून मार बसला, किती आत गेला, काय सरळ होईल आणि काय भंगारात जाईल. मालक शेजारी उभा राहून सांगत असतो, ‘साहेब, मी हळू होतो हो, अगदी हळू,’ आणि बॉनेट काचेपर्यंत दुमडून आलेलं असतं. मी मान हलवतो. इतकी वर्षं हेच केल्यावर गाडी कशी ठोकली हे मला गाडीकडे बघूनच कळतं.

जिल्ह्यात माझं ऐकतात. गॅरेजवाले ऐकतात, शोरूमवाले ऐकतात, नवी गाडी घेणारे आधी मला फोन करतात. माझ्या घरात मात्र माझं कुत्रंसुद्धा ऐकत नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तसा तो घडा म्हणजे माझे बाबा.

बाबांनी सगळं आयुष्य मुंबईत टॅक्सी चालवली. काम सोडून गावी यायची वेळ आली तेव्हा लोक कपाटं, पलंग, फार तर शिवणयंत्र घेऊन येतात. हे टॅक्सी घेऊन आले. काळा-पिवळा रंग खरवडून पांढरा दिला, मीटर काढला आणि मालवणजवळच्या आमच्या वाडीत, अंगणातल्या मांडवाखाली ती उभी केली. गाडी जुन्या घडणीची. पुढे एकच लांब बाकडं, गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ, डॅशबोर्ड पत्र्याचा. सीटला पट्टा नाही, डोक्यामागे आधार नाही. रोज सकाळी चहाच्या आधी बाबा तिला पुसणार, आणि पुसून झालं की बॉनेटवर आंगठीचं बोट वाजवणार. टण्ण. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा उजळायचा. चाकरमानी मे महिन्यात नव्या गाड्या घेऊन आले की हे त्यांच्या गाडीपाशी जायचे, दारावर अंगठा दाबायचे, पत्रा आत जाऊन बाहेर यायचा, आणि हे वाडीभर ऐकू जाईल असं सांगायचे, “पापड! उडदाचो पण न्हय रे, पोह्याचो!”

मी किती वेळा समजावलं असेल त्याला हिशोब नाही. बाबा, गाडीने मोडायलाच हवं. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असाच करतात. चुरगळताना सगळा मार तिथे जिरतो, आणि माणसं बसतात तेवढी खोली शाबूत राहते. तुमची गाडी मोडत नाही, मग तो मार जातो कुठे? आतल्या माणसात जातो. ही तुमची स्टेअरिंगची दांडी आहे ना, ती सरळ छातीत येते. नव्या गाडीतली दांडी मोडून बाजूला होते.

बाबा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, “इतकी वर्सां मुंबयत चालवलंय. माझ्या गाडयेत मेल्लो एक माणूस दाखय.”

एकदा मी फोनवर त्यांना ते व्हिडिओ दाखवले. एक जुनी गाडी, एक नवी गाडी, दोन्हीत माणसाएवढे पुतळे बसवतात आणि समोरासमोर ठोकतात. जुन्या गाडीतला पुतळा स्टेअरिंगवर आपटून काचेत जातो. नव्यातला पट्ट्यात अडकतो, फुगलेल्या पिशवीत तोंड खुपसतो आणि पुन्हा जागेवर येऊन बसतो. बाबांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. मला वाटलं, आता तरी पडला उजेड. ते फोन परत देत म्हणाले, “त्यो बावलो. बावल्याक खंय देव आसता?”

हे सगळं हसून सोडून दिलं असतं. बाबा एकटे फिरत असते तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, म्हाताऱ्याचा खेळ आहे. पण त्यांच्या शेजारी आई बसायची. दर बुधवारी कुडाळचा बाजार. आईची कोकमाची सोलं, त्यांचं आगळ, कुळथाचं पीठ, फणसाची साटं, सगळं मागच्या सीटवर, आणि आई पुढे. मागे बसली की तिला वळणांवर उलट्या होतात, म्हणून पुढेच. शिवाय बाबांची डाव्या बाजूची नजर मंद झालेली. ती बाजू आई बघायची. ‘ढोर इला’, ‘सायकलवालो आसा’, ‘दमान घेवा’. बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि बरोबर तेवढी गाडी उजवीकडे घ्यायचे. बाजार चुकवायचा नाही हा आईचा हट्ट. तिथे तिची बसायची जागा ठरलेली, शेजारी खारी मासळी घेऊन बसणारी तिची मैत्रीण ठरलेली, दोघींच्या गजाली ठरलेल्या. बाजाराचा दिवस सोडून तिला दुसरा सण नव्हता.

एका बुधवारी परत येताना समोरून एस.टी. आली, बाबांनी गाडी बाजूला घेतली ती थोडी जास्तच घेतली आणि शेताच्या कडेच्या गडग्यावर, चिऱ्याच्या कुंपणावर, घातली. मी पोचलो तेव्हा गडगा पडलेला होता. खरंच पडलेला. चिरे शेतात पसरलेले, आणि गाडीच्या लोखंडी बंपरवर एक ओरखडा. बाबा जमलेल्या लोकांना बंपर दाखवत होते. “बघा! गाडयेक काय झाला? कायएक नाय! गडगो पडलो, गडगो!” लोक वाकून बघत होते, माना डोलवत होते. आई पलीकडे आंब्याच्या सावलीत बसली होती, कपाळाला पदर लावून, आणि पदर लाल होत चालला होता. पत्र्याच्या डॅशबोर्डवर कपाळ आपटलं होतं. डॉक्टरनी भुवईच्या वर टाके घातले.

पुढे कित्येक महिने बाबा ती गजाल आल्या-गेल्याला सांगत. गोष्ट संपली की आई चहाचे कप उचलताना म्हणायची, “गाडयेक काय झाला नाय ह्या खरा आसा. टाके माका पडले.” लोक हसायचे. बाबाही हसायचे. मी हसत नव्हतो. माझ्या डोळ्यापुढे ते कपाळ आणि तो पत्रा यायचा, आणि पुढच्या वेळी गडग्याच्या जागी काय असेल ते यायचं. बुधवार आला की माझं कामात लक्ष लागेना. आई घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी दुसऱ्यांच्या मोडलेल्या गाड्या बघायचो आणि प्रत्येकीत पुढच्या डाव्या सीटकडे आधी नजर जायची.

शेवटी मी नवी गाडी घ्यायची ठरवली. त्यांच्यासाठी. बाबा म्हणाले नको. आई म्हणाली, “घेता तर घेवंदे.” घरात दोन दिवस हेच चाललं. मग बाबांनीच तोड काढली. “देवाक इचारूया. देव व्हय म्हणालो तर मी तुझी गाडी चालवतलंय.”

आमच्याकडे हे असंच चालतं. लग्न जमवायचं, घर बांधायचं, बोअर मारायची, कशावर मन ठरेना झालं की ग्रामदेवतेला कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न सांगायचा आणि हात जोडून वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मी शिकलेला माणूस, मी काही असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत म्हणणारा. पण मला गाडी त्या घरात घालायची होती, आणि दुसरा दरवाजा उघडा नव्हता. गेलो. गाभाऱ्यात काळोख, तेलाचा वास, आणि आम्ही तिघं पाकळ्यांकडे डोळे लावून उभे. खरं सांगतो, कधी कुठल्या परीक्षेच्या निकालाला इतका घाबरलो नव्हतो. बराच वेळ काही हलेना. मग उजवी पाकळी सुटली आणि अलगद खाली आली. मी आईकडे बघितलं आणि बालिशपणे हसलो. देवाच्या पाया पडलो, मनापासून पडलो.

आठवड्याने नवी गाडी देवळासमोर उभी राहिली. वाडीतले मानकरी जमले. गुरवाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. “बा गावच्या मालका म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज नवी गाडी हाडून तुझ्या पायाकडे उभी केल्यान हा. तिच्या वाटेत काय आडवा-तिडवा येयत तर तू पुढे होवन ता आपल्या अंगार घे, म्हाराजा!” आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, “होय म्हाराजा!” मीसुद्धा म्हटलं. मग गुरवाने देवापुढचा दुसरा नारळ, न फोडायचा, राखणीचा, बाबांच्या ओंजळीत दिला. हा पुढल्या जत्रेपर्यंत गाडीत राहणार. जत्रेला बदलायचा.

मी राहतो कामाच्या गावी; पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा गाडी बघून मी कपाळावर हात मारला. पुढे कुणा वेल्डरकडून बनवून घेतलेला लोखंडी गार्ड, म्हशीला अडवेल असा. म्हणजे ज्या भागाने चुरगळायचं त्यालाच चिलखत. आणि आत, डाव्या सीटच्या बरोबर समोर, डॅशबोर्डवर पितळेची वाटी स्क्रू मारून पक्की बसवलेली, आणि वाटीत तो नारळ, शेंडीसकट, हळद-कुंकू लावून.

स्क्रू एअरबॅगच्या झाकणावर मारले होते. झाकणावरच! त्या झाकणाखाली पिशवी घडी घालून ठेवलेली असते. ठोकर बसली की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती झाकण फोडून बाहेर येते, तोफेतून आल्यासारखी. त्यावर काहीही ठेवलं तर ते समोरच्या माणसाच्या तोंडावर जाणार. मी काम करताना बघितलं आहे. मोबाइल, गॉगलची डबी, एकदा तर पुठ्ठ्याचा पंखा, आणि तेवढ्यानेही माणसाचं तोंड फुटलेलं. हा नारळ होता.

मी तोंडाला येईल ते बोललो. बाबाही बोलले. गार्ड मी त्याच दिवशी कुडाळला नेऊन कापून काढला, त्यावर ते आठवडाभर घुश्शात होते. स्क्रू काढले. पण नारळ? “मागे ठेवूया,” मी म्हटलं.

“देवाक पाठ करून गाडी चालवची?”

“मग मधे ठेवूया.”

“मधे तुझो तो टीव्ही आसा.” टीव्ही म्हणजे रस्ता दाखवणारा पडदा.

“कप्प्यात ठेवूया, खाली.”

“शिरा पडो तुझ्या तोंडार,” हे आई म्हणाली. आई! “देवाक कप्प्यात घालतंस?”

मी तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं, झाकण दाखवलं, पिशवी कशी येते ते सांगितलं, नारळ कुठे येईल ते माझा तळहात तिच्या तोंडापाशी नेऊन दाखवलं. तिने ऐकलं. मग हळूच म्हणाली, “पण देवान व्हय म्हटल्यान मां? मगे देवच कसो मारीत?” आणि मागून बाबा म्हणाले, “कौल लावताना गेलंस ना हात जोडून? तेव्हा देव चललो. आता नारळ चालणा नाय. तुका सोयीचो तेवढोच देव व्हयो?”

कौल मीच मानला होता. अर्धा मानता येत नाही.

शेवटी स्क्रूशिवाय, वाटी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावून नारळ तिथेच राहिला. पट्ट्याचंही तेच. आई ठेंगणी. पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर यायचा. “गळ्याक फास लागता,” म्हणायची. सीटखाली उशी दिली, पट्ट्याची उंची खाली केली, थोडे दिवस तिने लावला. मग पट्टा काढला की सुरू होणाऱ्या गाडीच्या किणकिणीचा कंटाळा येऊन तिने पट्टा पाठीमागून अडकवला आणि त्याच्यावर टेकून बसायला लागली. गाडीला वाटायचं पट्टा लावला आहे. बाबा मात्र पट्टा लावत, कारण कुडाळच्या नाक्यावर पोलीस उभा असतो. मी दर खेपेला जाऊन आईचा पट्टा नीट लावून द्यायचो, नारळ काढून मागच्या सीटवर ठेवायचो. ‘बरा रे बाबा’ म्हणत ती हसायची. फाटकाबाहेर गेल्यावर नारळ पुढे येत असणार, पट्टा मागे जात असणार. मला माहीत होतं. मी हात टेकले होते. माणूस चोवीस तास आपल्या आईबापाच्या मागे धावू शकत नाही.

त्या बुधवारी मी देवगडच्या रस्त्यावर कलंडलेला आंब्यांचा पिकअप बघत होतो. शेजारच्या काकांचा फोन आला. कुडाळच्या वाटेवर, चौके गावाच्या पुढच्या उतारावर गाय आडवी आली, बाबांनी गाडी वळवली आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर घातली. “आवशीक लागला हा. ये तू.” आईला लागलं एवढंच कळलं; कसा पोचलो ते आठवत नाही. आईबाबांना तोवर कुडाळच्या दवाखान्यात नेलं होतं. गाडी तिथेच होती, आणि तिच्याभोवती माणसं.

मी सवयीने बघितलं. डोळे आपोआप आपलं काम करतात, थांबवता येत नाहीत. पुढचा भाग पूर्ण दुमडलेला, जेवढा दुमडायला हवा होता तेवढाच. दारं चारही उघडत होती. स्टेअरिंग जागेवर. कठड्याचा एक चिराही हलला नव्हता. गाडीने आपलं सगळं काम चोख केलं होतं. उजवी पिशवी लोंबत होती, तिच्यावर बाबांच्या कपाळाचा नुसता घामाचा डाग. डावी पिशवी लाल होती. आणि त्या लालात नारळाच्या शेंडीचे केस चिकटले होते. पितळेची वाटी मागच्या काचेपाशी जाऊन पडली होती, कुळथाच्या पिठात.

“नारळ फुटलो!” कोणीतरी मोठ्याने सांगत होतं. “दोन भकलां झाली! देवान आपल्या अंगार घेतल्यान!” अर्धं भकल हातात धरून तो माणूस सगळ्यांना दाखवत होता, आणि लोक त्याला हात लावून नमस्कार करत होते. गाडीची दशा बघावी तर आतलं कोणी वाचलं असेल असं वाटू नये, आणि दोघंही जिवंत. देव नाही तर काय? मला राग आला, पण तो काढायचा कोणावर? त्या हात जोडणाऱ्या माणसावर? गायीवर?

बाबांना छातीवर पट्ट्याचा वळ उठला होता, बाकी काही नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून रडत होते. मला बघितल्यावर माझा हात धरून म्हणाले, “तुझी गाडी पापड रे, पापड. माझी आसती तर ह्या झाला नसता. नारळ होतो म्हणान वाचलों. आवस वाचली.” पुन्हा पुन्हा तेच. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. म्हटलं, “होय, बाबा.” दुसरं काय म्हणणार? त्या माणसाला मी सांगू, की तुमच्या जुन्या गाडीत आज तुमच्या छातीत दांडी असती? की आईला जे लागलं ते तुम्ही वाटीत ठेवलेलं लागलं?

आईला गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गालाचं हाड बसवलं. डावा डोळा गेला.

पट्टी निघाल्यावर एका दुपारी आम्ही दोघंच खोलीत होतो. मी तिला पेज भरवत होतो, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. “आये,” मी म्हटलं, “तो नारळ...”

“माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “मी बघलंय ना. समोरसून इलो तो.” मग बाबा दारात नाहीत ना ते बघितलं. “तेंका सांगू नको हां. सांगलंस तर ते जेवचे नाय. जगाचे नाय ते.”

“आणि तू?”

“माझा काय? एक डोळो घेतल्यान, एक ठेवल्यान. देवाक पण काय ता घेवक व्हया मां.” असं म्हणून तिने वाटीकडे बोट केलं, म्हणजे पेज दे. मी चमचा भरून पुढे केला. तिनेच तो धरला.

नवी गाडी भंगारात गेली. विम्यासाठी तिची पाहणी करायला दुसरा माणूस आला; आपल्या घरची गाडी आपण बघायची नसते. बाबांनी मांडवाखालून ताडपत्री ओढली, जुनी गाडी धुतली, बॅटरी भरून आणली. टण्ण. मी म्हटलं, दुसरी नवी घेतो, गाडी मी चालवेन, दर बुधवारी सुट्टी घेईन. आईने मला परसात बोलावलं. तिचा विचार झाला होता, आणि तिच्या परीने तो पक्का होता. “त्या जुन्या गाडयेत फुगो नाय मां?”

“नाय.”

“मगे बरा आसा ना? नारळ आसलो तरी चलात. तेंका नारळ नसलो तर गाडी चालवक हात उठाचो नाय. आणि बाजार काय मी सोडूचंय नाय.”

देव आणि यंत्र एका गाडीत नांदत नाहीत हे बाईला कळलं होतं, आणि तिने यंत्र काढून टाकलं होतं. ह्याला चूक म्हणू तर कसं? दांडी, पत्रा, काच, सगळं तिला पुन्हा सांगता आलं असतं. एक डोळा गेलेल्या आपल्या आईला सुरक्षिततेचं व्याख्यान द्यायला मला तोंड राहिलं नव्हतं.

निदान पट्टे बसवूया म्हणून मी गाडीखाली शिरलो. पट्ट्याचे बोल्ट घट्ट धरतील असं जाड लोखंड शोधत होतो. टॉर्च मारली आणि बोटाने टोचलं तर बोट आरपार गेलं. खाऱ्या हवेने तळ खाऊन टाकला होता. बाबा रोज वरून पुसत होते आणि खालून चाळण झाली होती. तिथे पट्टा अडकवला असता तर पहिल्या झटक्याला पट्ट्यासकट माणूस गेला असता. बाहेर आलो, कपडे झाडले. बाबांनी वरून विचारलं, “काय रे, लोखंड कसा आसा?” मी पत्र्याचा तुकडा आणून तळाला लावायला सांगेन म्हटलं. खरं बोलावं तर गाडी बंद होईल, आईचा बाजार बंद होईल, आणि बाबा चार दिवसांत खचतील. खोटं बोलावं तर दर बुधवारी हे. मी दोन्ही अर्धं-अर्धं बोललो.

आता बुधवारी मी सुट्टी काढतो. बाबा स्टेअरिंग माझ्या हातात देत नाहीत, ती गोष्ट वेगळीच आहे, त्यांच्या टॅक्सीला दुसऱ्याचा हात लागलेला नाही. मी मागे बसतो, सोलांच्या पिशव्यांत. आई पुढे, नवा नारळ मांडीवर घेऊन. आता ती डावी बाजू सांगू शकत नाही. मान पूर्ण वळवावी लागते तिला, म्हणून मी मागून सांगतो. ढोर आहे, सायकल आहे, हळू.

चौक्याचा तो उतार आला की मी पुढे सरकतो आणि मागून दोन्ही हात तिच्याभोवती घालतो. सीटला डोक्यामागे आधार नसल्यामुळे हात सहज पुढे जातात. मला माझा धंदा कळतो. गाडी एकदम थांबते आणि आतलं माणूस थांबत नाही, तेव्हा जगातले कोणतेच दोन हात त्याला धरू शकत नाहीत. आया पोरांना असंच कवटाळून बसलेल्या असतात, आणि नंतर त्या गाड्या बघायला मला बोलावतात.

“हात काढ रे,” आई म्हणते. “गरम होता.”

बाबा आरशातून बघतात. “भियालंस काय रे? नारळ आसा मां आवशीकडे.”

“होय, बाबा,” मी म्हणतो, आणि मोरीचा कठडा मागे पडेपर्यंत हात काढत नाही.